समोरचे टायर बोटभर उंच

१३ ऑक्टोबर, रवि.
देवरीला जाऊन आलो. तर्री पोहे, प्रत्येकी दोन चहा. परत येताना आमगावच्या अलीकडच्या गतिरोधकावर लाल गाडीचं नाक पुन्हा घासलं. आवाज ऐकून हेमराजनं असं तोंड केलं, जशी त्याचीच हनुवटी सोलून निघाली. म्हणे, "तू टायरवाला असून कोन्या कामाचा? काही तरी कर ना बे."
पंचवीस वर्षांची जुनी गाडी. दोन दारं, दोन सीटा, पोट जमिनीला टेकलेलं. असली गाडी साऱ्या गोंदियात एकच. धानाची मिल बंद केल्यावर लोक तीर्थाला जातात, यानं नागपुरातून ही उचलून आणली. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासूनचे बहुतेक रविवार मी तिच्या डाव्या सीटवर काढलेत. माझी बायको सुलभा वारल्यावर तर एकही चुकवला नाही.

१५ ऑक्टो., मंगळ.
लाल गाडीचं मूळ माप २०५-५५-१६. हे माप इकडे कोणी ठेवत नाही. माझ्याकडे २०५-६५-१६ चे दोन नवे पडून होते, भाड्यानं फिरणाऱ्या मोठ्या गाड्यांचं माप. रुंदी तीच, रिम तीच, फक्त टायर उंच. समोर चढवले. वळवताना आतलं प्लॅस्टिक घासत होतं, तेवढं कापलं. नाक बोटभर वर आलं.
हेमराज खाली वाकून वाकून बघत होता. "आता बोल!" म्हणाला. माझी छाती फुगली. एकतीस वर्षं हेच केलं आहे.

२० ऑक्टो., रवि.
गतिरोधक सगळे सुखरूप. पण देवरीच्या आधीच्या चढावर गाडीचा दम गेला. पिवळा दिवा लुकलुकायला लागला, इंजिन आपोआप मंद. पाय दाबला तरी ढिम्म. हेमराज: "हिले दमा होऊन राहिला का?" बटण दाबलं की बरी चालते. गाडी बंद करून सुरू केली की परत दिवा, परत दमा. पोह्यात लक्ष लागलं नाही त्याचं.
दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा, बटण ते बंद करायचं. मागची चाकं जागेवर फिरायला लागली की कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करतो आणि गाडी घसरू देत नाही. त्या काळात फार थोड्या गाड्यांना होतं.

२२ ऑक्टो., मंगळ.
खडूनं खूण करून एकेक चाक एक फेरी ढकललं. समोरचं सहा फूट नऊ इंच गेलं. मागचं सहा फूट चार.
म्हणजे समोरचं चाक मोठं झालं, त्याच रस्त्याला कमी फेऱ्या घेतं. मागचं जास्त घेतं. कॉम्प्युटरला डोळे कुठे आहेत, तो फक्त फेऱ्या मोजतो. त्याला वाटतं मागची चाकं घसरतायत. कोरड्या सरळ रस्त्यावरही वाटतं. बिचारा आपलं काम करतो आहे, खोटं माप मी दिलं.
उपाय सरळ. चारही एका उंचीचे. पण म्हणजे हेमराजला सांगावं लागेल की मनोहरनं टायर चुकीचे टाकले. आणि नाक परत घासणार.
संध्याकाळी बॉनेट उघडून ट्रॅक्शनचा प्लग उपसला. मग पिवळा दिवा कायमचा पेटून बसला. डॅशबोर्ड सोडवून त्या दिव्याचा बल्बच काढला. आगपेटीत ठेवला आहे. गाडी एकदम गुणाची झाली.

२३ ऑक्टो.
हेमराज गाडी न्यायला आला. मी म्हणालो, "झालं दुरुस्त. सेन्सरवर माती बसली होती." इतकं सहज म्हणालो की माझंच मला नवल वाटलं.
त्यानं पाठीवर थाप मारली. "गोंदियात तुज्यासारखा नाही." 

२७ ऑक्टो., रवि.
देवरी. गाडी पाण्यासारखी चालली. धान पिवळं पडून राहिलं आहे दोन्ही बाजूंना, काही ठिकाणी कापणीही सुरू. हेमराज खुशीत. म्हणे, "हिच्यात तो कॉम्प्युटर आहे म्हणून या वयात हिंमत करतो मी. चुकून पाय जास्त पडला तर तो सांभाळते."
मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. घरी येऊन दोनदा फोन हातात घेतला. दिवाळी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं.

३ नोव्हेंबर, रवि.
भाऊबीज. तिरोड्याला बहिणीकडे. तिनं डब्यात अनरसे दिले, घरी आणून तसेच ठेवले. एकट्यानं खायची वस्तू नाही ती.

१० नोव्हें., रवि.
कंबर धरली होती. हेमराजला म्हटलं, तू जाऊन ये.
अकराला वहिनीचा, त्याच्या बायकोचा, फोन. रडत होत्या. आधी काही कळेना. आमगावच्या पुढं, पळसाच्या वळणावर गाडी घसरून बांधावर. गळ्याचं हाड मोडलं, मनगटाला मार. डोक्याला काही नाही. दवाखान्यात जाऊन आलो, झोपेचं औषध दिलं होतं त्याला. तोंड पाहिलं फक्त.
वळणावर लोकांनी धान पसरलं होतं, येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांनी मळून निघावं म्हणून. दरवर्षी पसरतात. आम्ही दरवर्षी त्यावरून जातो.
आज जेवलो नाही.

११ नोव्हें.
हेमराज शुद्धीत, बोलतो. सांगितलं ते असं: धान दिसलं म्हणून गाडी अगदी हळू केली. तिथं एक म्हातारी पायानं धान उलटवत होती. तिला कडेला होऊ दिलं. मग पाय दाबला आणि गाडीचं ढुंगण एकदम गेलं तिच्याकडे. म्हातारी दचकून मागच्या मागे पडली. मध्ये एक हात अंतर होतं म्हणतो. तो हातच दाखवतो सारखा, चांगल्या हातानं मोजून.
"माजेच पाय गेले, मनोहर. कॉम्प्युटर असून घसरली म्हणजे पाहा किती दाबला असंन मी."
वहिनी उशाशी होत्या. नर्स आली. मी मोसंबी सोलत बसलो. सगळं मोसंबं सोललं, पाकळ्या सुट्या केल्या, साली कागदात बांधल्या आणि उठून आलो.
नालायक माणूस आहे मी. इथं तरी लिहायला काय हरकत आहे.

१३ नोव्हें.
गाडी ओढून दुकानात आणली. उजवं मागचं मडगार्ड आत गेलं आहे, दिवा फुटला. चाकं शाबूत. समोरचे दोन टायर नव्यासारखे चमकतात.

१७ नोव्हें., रवि.
साडेसातला तयार होऊन बसलो. सवय. कोणी हॉर्न वाजवला नाही. मग लक्षात आलं.
दुकान उघडलं, रविवारी उघडत नाही तरी. काम नको होतं, कोणी बोलायला आलं तर बरं म्हणून. दिवसभरात दोन सायकलवाले हवा भरून गेले. एका ट्रकवाल्यानं बालाघाटचा रस्ता विचारला. त्याला रस्ता जरा जास्तच समजावून सांगितला. तो "ठीक है चाचा, समझ गया" म्हणत म्हणत क्लच सोडून निघाला.
दुपारी स्वतःच्या स्कूटरच्या चाकांची हवा तपासली. बरोबर होती.

२१ नोव्हें.
मुलीचा फोन, बंगळूरहून. "बाबा, आवाज असा का?" सर्दी म्हणून सांगितलं. खोटं आता जिभेवरच असतं.

२४ नोव्हें., रवि.
स्कूटरवर एकटाच पळसाच्या वळणाला गेलो. कंबर दुखली पण गेलो. धान उचललं होतं, कडेला तणसाचा पेंढा राहिला आहे. म्हातारी अंगणात सूप घेऊन बसली होती. मी गाडीवाल्याचा दोस्त म्हटल्यावर तिनं खाटेकडे बोट केलं, बसा म्हणून.
"मले कायी नाही झालं. पन तो बुवा लई रडला जी. हाडूक मोडलं होतं तरी मलेच विचारे, माय तुले लागलं का, माय तुले लागलं का. काऊन, घरी कोनी नाही का त्याले?"
आहे म्हटलं. 
हेमराज रडला होता, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. आठ वर्षं शेजारी बसलो, एकदाही रडताना पाहिला नाही. मिल विकली त्या दिवशीही नाही.

१ डिसेंबर, रवि.
हेमराजकडे. हात गळ्यात बांधलेला, टीव्ही सुरू, आवाज बंद. बोलणं होत नाही. पूर्वी आमच्यात कोणी बोललं नाही तरी गाडी बोलायची.
वहिनी अंगणापर्यंत सोडायला आल्या. "भाऊजी, यायले काय झालं समजत नाही. रस्ता ओलांडाले घाबरतेत. काल किराण्याच्या दुकानापावतो मले हात धराले लावला. म्हणतेत, माजा अंदाज गेला, माज्यावर भरोसा नको ठेवू." पोरगा रायपूरला बोलावतो आहे. संक्रांतीनंतर जाणार, बहुतेक कायमचे. गाडी विकायची.
मी म्हणालो, दुरुस्त करून देतो. दुसरं काही म्हणायला तोंड उघडलंच नाही.
गाडी गेली, हेमराज गेला, की मग गोंदियात मला कोण आहे? हिशोब करायला बोटंही लागत नाहीत. पण रडायची गोष्ट ती नाही. माणूस स्वतःच्या पायांना भिऊन बसला आहे आणि त्याचे पाय धड आहेत. निदान मला तसं वाटतं. त्याला खात्री करून देऊ शकेल असा एकच माणूस आहे आणि तो इथं वही काळी करतो आहे.

५ डिसें.
२०५-५५-१६. चार. नागपूरच्या माणसाला फोन केला. आठवड्यात पाठवतो म्हणाला. महिनाभर आधी हाच फोन करता आला असता. तेव्हाही तो फोन उचलतच होता.

८ डिसें., रवि.
थंडी. कुकरला दोन मुठी तांदूळ लावले, तरी भात उरला. सुलभा असती तर पहिल्याच दिवशी तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असतं. "काय करून बसलात?" एवढंच विचारायची ती, चष्म्याच्या वरून. त्या प्रश्नापुढं माझं कधी चाललं नाही. आता कोणी विचारत नाही. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, बरं.

१४ डिसें., शनि.
मडगार्ड ठोकून सरळ केलं, रंग काल वाळला. चारही टायर चढवले. खडूची खूण करून पुन्हा फेरी मोजली, चारही सहा फूट चार. प्लग जोडला. आगपेटीतला बल्ब जागेवर बसवला. चावी फिरवली तर पिवळा दिवा पेटला आणि आपोआप विझला. असंच पाहिजे. 
नाक परत खाली आलं आहे. घासू दे.

१५ डिसें., रवि.
ओळखीच्या मिलमधून धानाचा कोंडा आणला, सहा पोती. दुकानामागच्या सिमेंटच्या अंगणात जाड पसरला. शेजारचा किराणावाला भिंतीवरून: "क्या चाचा, मुर्गी पाल रहे हो क्या?" 
आधी प्लग काढून. गाडी हळू, चाक थोडं वळवलेलं, मग पाय दाबला. फार नाही दाबला. मागचा भाग सरकन बाहेर गेला, भिंतीला हातभर कमी राहिला. हातभर.
मग प्लग जोडून. तीच जागा, तेवढाच पाय. दिवा लुकलुकला, इंजिन दबलं, गाडी कोंड्यातून बैलासारखी सरळ निघाली. पाच वेळा केलं. पाचही वेळा सरळ. पाय मुद्दाम जास्त दिला तरी थोडी डुलली आणि सरळ झाली.
हेमराजचा पाय त्या दिवशी जास्त पडला असेल, नसेल. ते आता कळायचं नाही. पण तो म्हणालाच होता, पाय जास्त पडला तर तो सांभाळतो. तेवढ्यासाठीच तो होता. मी त्याला काढून आगपेटीत ठेवला.
कोंडा झाडायला दुपार गेली.

१७ डिसें.
हेमराजच्या फाटकापर्यंत गेलो. परत आलो.

१८ डिसें.
गेलो. आत त्याचा साळा आला होता. चहा पिऊन परत.

२० डिसें.
नागऱ्याला जाऊन आलो. वाटलं, शंकरापुढं हात जोडल्यावर हिंमत येईल. पिंडीपुढं उभं राहून सगळं मनात सांगून टाकलं. हलकं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. शंकराचं हाड मोडलेलं नाही.

२२ डिसें., रवि.
सांगितलं.
साडेसातलाच गेलो. वहिनी पूजेत. तो ओसरीत उन्हाला बसला होता. उभ्या उभ्या बोललो, बसलो असतो तर पुन्हा मोसंबी सोलली असती. समोरचे टायर चुकीचे मी टाकले. प्लग मी काढला, दिवा मी काढला. सेन्सरवर माती वगैरे काही नव्हतं. कॉम्प्युटर बंद होता त्या दिवशी. तुझे पाय ठीक आहेत, हेमराज.
तो बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत होता. मग विचारलं, "कोणत्या दिवशी काढला?"
बावीस ऑक्टोबर म्हटलं.
"म्हणजे मी त्या रविवारी कॉम्प्युटरचं बोलून राहिलो होतो, तवा तुले मालूम होतं."
"हो."
"अन् दवाखान्यात?"
"हो."
ओरडला असता तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं, एक हात मोकळा होता त्याचा. तो म्हणाला, "म्हातारी हातभर होती, मनोहर." मग म्हणाला, "जा तू."
आलो.

२५ डिसें.
काही नाही.

२९ डिसें., रवि.
काही नाही. गाडी पुसली. लाल रंग जुना असला तरी पुसल्यावर उजळतो.

१ जानेवारी
मुलीचा फोन. या वेळी तिला सगळं सांगितलं, सर्दीचंही. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या राहायला." मी म्हटलं, आत्ता नाही. आत्ता गेलो तर पळून गेल्यासारखं होईल. 

५ जाने., रवि.
बाजारात वहिनी दिसल्या, मेथी निवडत होत्या. लपावं वाटलं. त्यांनीच हाक मारली. मग हळूच, भाजीवालीला ऐकू जाऊ नये म्हणून: "तुमच्यावर लई राग आहे. पन काल एकटेच चौकापावतो जाऊन आले. मले म्हटलं बी नाही." मेथीची जुडी पिशवीत टाकून गेल्या.
चौकापर्यंत. म्हणजे मोठा रस्ता ओलांडून.
आज भात पोटभर खाल्ला.

९ जाने.
हेमराजचा फोन. स्वतः. "रविवारी सकाळी गाडी आणून दे. दहा वाजता रायपूरचा माणूस पाहाले येऊन राहिला."
"किती वाजता आणू?"
"तुले माहीत नाही का किती वाजता?" आणि ठेवला.
याचा अर्थ काय लावायचा? दिवसभर लावतो आहे. राग असेल. सवय असेल. दहाच्या माणसासाठी गाडी साडेसातला कशाला लागते?

१२ जाने., रवि.
वही गाडीत घेऊन आलो आहे. हेमराजच्या फाटकासमोर उभा आहे, साडेसातला पाच मिनिटं कमी. धुकं. गाडी मीच चालवत आणली, जपून. गाडी लावली आणि उतरून डावीकडे येऊन बसलो. उजवी सीट रिकामी, चावी लावलेली, अर्धी फिरवून ठेवली आहे. पिवळा दिवा पेटला, विझला.
हॉर्न वाजवला नाही. वाजवायचा हक्क त्याचा होता.
फाटक वाजलं. हेमराज. मफलर, स्वेटर, हात आता मोकळा. माझ्याकडे बघत नाही. उजव्या समोरच्या चाकाशी खाली बसला, गुडघ्यावर हात ठेवून, हळू. बोटानं टायरवरचं माप वाचतो आहे. ओठ हलतायत, २०५, ५५.
उठला. मागच्या उजव्याकडे. पुन्हा बसला. तेही वाचलं. घाई नाही त्याला. मीही घाई करत नाही, लिहितो आहे म्हणून बरं आहे, नाही तर हात कुठे ठेवावे कळलं नसतं.
मागून फिरून डाव्या मागच्याशी गेला. आरशात फक्त मफलर दिसतो.
आता माझ्या दारापुढच्या चाकाशी बसला आहे. काच खाली आहे, त्याचा श्वास ऐकू येतो. चौथं वाचून झालं असणार, एवढा वेळ लागत नाही. अजून उठला नाही.